मधल्या फळीवरची बर्बन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्कॉचविषयीच्या मागील सदरानंतर अमेरिकेतून आणि महाराष्ट्रातून जी पत्रे आली, त्यांत बर्बन या अमेरिकी व्हिस्कीविषयीच्या प्रश्नांचा भरणा होता. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. फार स्वस्तही नाही आणि फार महागही नाही अशी बाटली घेताना पैसे सत्कारणी लागले की नाही, हे ओळखायचे कसे? निवडक पत्रे पुढे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी आजवर स्कॉचच असे, आता मुलाच्या आग्रहामुळे बर्बनकडे वळलो आहे. येथील दुकानात २५ डॉलरपासून ६० डॉलरपर्यंतच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर घोडा, कुणा पूर्वजाची सही आणि केंटकीचे नाव असतेच. चव न घेता यांतली कोणती बाटली किमतीला पात्र आहे, हे सांगता येते का? (एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : चव सांगता येत नाही, परंतु दुकानदार तुमच्याकडून पैसे कशाचे घेतो आहे हे लेबलवरून बरेचसे कळते, कारण बर्बन हा अमेरिकी कायद्याने फार बारकाईने बांधून दिलेला प्रकार आहे. धान्यात मका किमान ५१ टक्के असावा लागतो. ऊर्ध्वपातनातून निघणारा अर्क ८० टक्के तीव्रतेच्या वर जाता कामा नये. पिंपात भरताना ती ६२.५ टक्क्यांच्या आत असावी लागते. पिंप ओकच्या लाकडाचे, कोरे आणि आतून जाळून काळे केलेले असावे लागते. आणि बाटलीत किमान ४० टक्के मद्यार्क असावा लागतो. हे सगळे तर दहा-पंधरा डॉलरच्या बाटलीलाही लागू आहे. तेव्हा वरचे पैसे कशासाठी जातात ते पाहायचे, तर लेबलवरील घोड्याकडे दुर्लक्ष करून बारीक अक्षर वाचावे.

पहिला शब्द 'स्ट्रेट'. याचा अर्थ व्हिस्की किमान २ वर्षे पिंपात मुरली आहे आणि तिच्यात वरून रंग किंवा स्वाद मिसळलेला नाही. मुरण्याचा काळ ४ वर्षांपेक्षा कमी असेल तर तो लेबलवर छापणे बंधनकारक आहे. म्हणजे 'स्ट्रेट' लिहिलेल्या आणि वयाचा कोठेही उल्लेख नसलेल्या बाटलीत किमान ४ वर्षांची व्हिस्की असते, असे तुम्ही निश्चिंतपणे धरून चालावे.

दुसरी खूण त्याहून मोलाची आहे, ती म्हणजे 'बॉटल्ड इन बाँड'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत साध्या मद्यार्कात रंग आणि अर्क कालवून ते व्हिस्की म्हणून खपवण्याचा धंदा बोकाळला होता. त्याला आळा घालण्यासाठी कर्नल ई. एच. टेलर यांच्यासारख्या केंटकीतील उत्पादकांनी पाठपुरावा केला आणि १८९७ मध्ये कायदा झाला. त्यानुसार अशी व्हिस्की एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीखालील गोदामात किमान ४ वर्षे मुरलेली आणि बरोबर ५० टक्के तीव्रतेची असावी लागते. हंगाम म्हणजे वर्षाचे पहिले सहा महिने किंवा दुसरे सहा महिने. आज भेसळीची भीती उरलेली नाही, पण ही अट अजून ग्राहकाच्या फायद्याचीच आहे, कारण एका ओळीत वय, तीव्रता आणि मूळ या तिन्हींची हमी मिळते. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाटली याच प्रकारातली आहे, आणि ती महागड्या फळीवर क्वचितच दिसते.

तीव्रतेचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. ५० टक्के तीव्रतेच्या ७५० मिलीच्या बाटलीत ३७५ मिली मद्यार्क असतो. तीच व्हिस्की पाणी घालून ४० टक्क्यांवर आणली तर ती ९३७ मिलीपर्यंत भरेल. ३० डॉलरला मिळणारी ५० टक्क्यांची बाटली म्हणजे प्रत्यक्षात ४० टक्क्यांची बाटली २४ डॉलरला घेण्यासारखे आहे, आणि पाणी किती घालायचे हे उत्पादकाऐवजी तुम्ही ठरवता, हा लाभ वेगळाच.

शेवटी, गाळली कोणी ते पाहावे. 'डिस्टिल्ड बाय' आणि 'बॉटल्ड बाय' या दोन वाक्प्रयोगांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. इंडियाना राज्यातल्या लॉरेन्सबर्ग गावी एक प्रचंड डिस्टिलरी आहे आणि अनेक सुंदर नावांच्या बाटल्यांतील व्हिस्की तेथूनच विकत घेतलेली असते. (केंटकीतही लॉरेन्सबर्ग नावाचे गाव आहे आणि वाइल्ड टर्की व फोर रोझेस या दोन बर्बन उत्पादकांचे बस्तान तिथे आहे, त्यामुळे गल्लत होते.) व्हिस्की लेबलवरच्या पत्त्यातील राज्याबाहेर गाळली असेल तर जिथे गाळली ते राज्यही लेबलवर लिहावे लागते, मग ते मागच्या बाजूला कितीही बारीक अक्षरांत का असेना. इंडियानाची व्हिस्की वाईट नसते, किंबहुना पुष्कळदा उत्तम असते. परंतु चार-पाच वर्षांच्या विकत घेतलेल्या व्हिस्कीवर पणजोबांची गोष्ट चिकटवून ५५ डॉलर मागितले जात असतील, तर त्यातले निम्मे गोष्टीचे आहेत असे समजावे.

माझे मत विचाराल तर २५ ते ४५ डॉलरच्या टप्प्यात वाढत्या किमतीबरोबर हाती काहीतरी पडते. वाइल्ड टर्की १०१ मध्ये ५०.५ टक्के तीव्रता मिळते, नॉब क्रीकमध्ये ९ वर्षे आणि ५० टक्के, फोर रोझेस सिंगल बॅरलमध्ये एकाच पिंपातली ५० टक्क्यांची व्हिस्की. नॉब क्रीकने २०१६ मध्ये लेबलवरून ९ वर्षांचा उल्लेख काढला होता आणि २०२० मध्ये परत आणला. त्याच २०१६ मध्ये एलायजा क्रेगच्या नेहमीच्या बाटलीवरचा १२ वर्षांचा उल्लेख गेला, तो मात्र तिथे परतला नाही. व्हिस्की आजही चांगली आहे, पण जुन्या कीर्तीवर जुनाच भाव द्यायचा का, हे घेणाऱ्याने ठरवावे.

प्रश्न : मित्राने अमेरिकेहून एक चांगली म्हणून बर्बन आणली. मला मात्र पहिल्या घोटाला घसा जळणे आणि नाकात नेलपॉलिशसारखा वास, यांपलीकडे काहीच जाणवले नाही. जाणकार लोक व्हॅनिला, कारमेल वगैरे म्हणतात ते खरोखर असते का, आणि असले तर ते शोधायचे कसे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खरोखर असते, आणि त्याची कारणेही रसायनशास्त्रात आहेत. ओकचे पिंप आतून जाळले की लाकडातील लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होते, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेत जे असते तेच. लाकडातल्या शर्करा करपून कारमेलचा, आपल्या भाषेत सांगायचे तर काकवीचा आणि किंचित जळक्या गुळाचा वास देतात. ओकमधील लॅक्टोनमुळे सुक्या खोबऱ्याची छटा येते. लवंगेतले युजेनॉल ओकच्या लाकडातही असते. धान्याचा वाटा निराळा. मक्याची गोडी पायाशी असतेच, त्यावर राय हे धान्य असेल तर मिरी-दालचिनीचा तिखटपणा येतो आणि मेकर्स मार्कप्रमाणे रायच्या जागी गहू वापरला असेल तर चव मऊ लागते. पिंप दर वेळी कोरे असल्याने हे सारे बर्बनमध्ये स्कॉचपेक्षा ठळक असते, म्हणून नवशिक्यालाही सापडायला हरकत नाही.

तुमची अडचण बहुधा पद्धतीची आहे. रुंद तोंडाचा, बर्फाचा ग्लास वापरला असेल तर तो बाजूला ठेवा. खाली फुगीर आणि वर निमुळता असा ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास घ्यावा. तो नसेल तर वाइनचा लहान ग्लास चालतो. त्यात १५-२० मिली ओतून दहा मिनिटे हात लावू नये. सर्वांत आधी उडून जातो तो मद्यार्काचा आणि त्याबरोबरच्या हलक्या द्रव्यांचा भपकारा, आणि तुम्हाला नेलपॉलिश वाटले ते बहुतेक हेच. त्यानंतर ग्लासात नाक खुपसायचे नाही. ग्लासाची कड ओठापाशी धरून, तोंड किंचित उघडे ठेवून हळू श्वास घ्यावा. दहा मिनिटांनंतरही तोच वास कायम असेल आणि त्यासोबत नुकत्याच रंधलेल्या ओल्या लाकडाचा वास येत असेल, तर व्हिस्की कोवळी आहे असे म्हणायला जागा आहे.

पहिला घोट निकालासाठी घेऊच नये. तो तोंडाला सवय लावण्यापुरता, अगदी थेंबभर, सगळ्या जिभेवर फिरवून गिळावा आणि मिनिटभर थांबावे. निकाल दुसऱ्या घोटावर लावायचा. त्यात गोडी जिभेच्या टोकाशी येऊन लगेच विरते की मध्यावर टिकते, हे पाहावे, कारण स्वस्त आणि मधल्या किमतीच्या व्हिस्कीतला फरक बहुधा या मध्यावरच दिसतो. सुरुवात सगळ्यांचीच गोड असते. गिळल्यानंतर जळजळ छातीत उतरते की घशालाच ओरखडते, आणि ती गेल्यावर तोंडात काय उरते, याकडे लक्ष द्यावे. गालांच्या आतल्या बाजूला फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहासारखा तुरटपणा राहिला तर लाकूड अंमळ जास्त झाले आहे. जास्त वयाच्या, जास्त किमतीच्या बर्बनमध्ये हा दोष आढळतो आणि लोक भिडेखातर त्याला 'खोली' म्हणतात.

आता चमच्याने चार-पाच थेंब पाणी घालून पुन्हा वास घ्यावा. ५० टक्क्यांची व्हिस्की अशा वेळी बहुधा अधिक मोकळी होते. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत पाणी आधीच पुरेसे घातलेले असते, त्यामुळे ती पातळ होण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. बर्फाने वास दबतो आणि सोड्याने चव विस्कटते. पिण्याच्या आनंदासाठी दोन्ही खुशाल घ्यावेत, परंतु पारख करताना नकोत. लसणाची शेव आणि तिखट शेंगदाणे हा चकणाही पारख संपल्यावरच पुढे आणावा. रिकामा ग्लास मात्र लगेच विसळू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा वास घ्यावा. मद्यार्क उडून गेलेला असतो आणि तळाशी वाळलेल्या चिकट वर्तुळातून नुसते लाकूड, गूळ आणि धान्य यांचा वास येतो. चांगल्या मुरलेल्या व्हिस्कीचा हा वास स्पष्ट असतो, कोवळीचा जेमतेम.

दोन बाटल्यांत महाग बाटली खरोखर सरस आहे का, हे ठरवायचे असेल तर घरातील कुणाला तरी तीन सारखे ग्लास भरायला सांगावे. दोन ग्लासांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि खूण ग्लासाच्या बुडाला. तीनांतला वेगळा ग्लास तुम्हाला ओळखता आला नाही, तर तुमच्यापुरता त्या दोन किमतींतला फरक शून्य आहे. नुसत्या नशिबानेही तीनात एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून हीच परीक्षा आणखी एक-दोन संध्याकाळी करावी. एकाच संध्याकाळी पुनःपुन्हा केली तर जीभ बधिर होते आणि निकाल ग्लासाचा न राहता घेणाऱ्याचा लागतो.

प्रश्न : आपल्याकडच्या व्हिस्कीवर पूर्वीपासून ७५ डिग्री प्रूफ असे वाचत आलो. अमेरिकी बाटलीवर १०१ प्रूफ असते. म्हणजे ती सव्वापट-दीडपट कडक धरायची का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. दोन्हीकडे शब्द एकच असला तरी मोजपट्टी निराळी आहे. आपल्याकडील प्रूफ जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहे, ज्यात १०० म्हणजे सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. म्हणून ७५ डिग्री म्हणजे आपल्या लेबलांवर दिसणारे ४२.८ टक्के. अमेरिकेत प्रूफ हे टक्केवारीच्या बरोबर दुप्पट असते, त्यामुळे १०१ म्हणजे ५०.५ टक्के. म्हणजे अमेरिकी बाटली आपल्याकडच्या बाटलीच्या सुमारे १.१८ पट कडक. पेग मोजताना तेवढा हात आखडता घ्यावा, इतकेच.

या आकड्याला तिकडचे ग्राहक किती जपतात, याचे उदाहरण २०१३ चे आहे. मागणीला माल पुरेना म्हणून मेकर्स मार्कने तीव्रता ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आणि ग्राहकांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. आपल्याकडे असे कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही.

प्रश्न : 'स्मॉल बॅच' लिहिलेल्या बाटलीला जास्त पैसे द्यावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : केवळ त्या दोन शब्दांसाठी देऊ नयेत. अमेरिकी कायद्यात 'स्मॉल बॅच'ची व्याख्याच नाही. वीस पिंपे एकत्र केली तरी स्मॉल, आणि दोनशे केली तरी तेच.

प्रश्न : १२ वर्षांच्या स्कॉचच्या तुलनेत सहा-आठ वर्षांची बर्बन ही कच्चीच नव्हे का? मग भाव सारखा कसा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वर्षे मोजताना गोदाम कोठे आहे ते पाहावे लागते. स्कॉटलंडमध्ये हवा थंड आणि दमट, आणि पिंप बहुधा आधी वापरलेले. किंबहुना बर्बन काढून घेतलेली पिंपे जहाजाने तिकडे जातात आणि स्कॉच त्यांत मुरते. केंटकीत उन्हाळा कडक आणि हिवाळा गोठवणारा. उन्हाळ्यात व्हिस्की फुगून कोऱ्या, जळक्या लाकडात शिरते आणि थंडीत तेथून रंग-स्वाद घेऊन परतते. त्यामुळे सहा-आठ वर्षांत जे घडते ते स्कॉचला तितक्याच काळात साधत नाही. उलट १५-२० वर्षांनी पुष्कळ बर्बन लाकडाने मारल्या जातात.

गोदामातील जागेनेही फरक पडतो. केंटकीतील जुनी गोदामे सात-सात, नऊ-नऊ मजल्यांची; वरचा मजला तापतो, खालचा गार राहतो, म्हणून एकाच दिवशी भरलेली दोन पिंपे निरनिराळी निघतात. फोर रोझेसने हे टाळण्यासाठी एकमजली गोदामे ठेवली आहेत आणि विविधता दुसरीकडून आणली आहे. धान्याची दोन मिश्रणे आणि पाच प्रकारचे यीस्ट यांच्या जोड्यांतून त्यांच्याकडे दहा वेगवेगळ्या व्हिस्की तयार होतात. पिंपातून दरवर्षी तीन-चार टक्के व्हिस्की हवेत उडून जाते, त्याचाही भार किमतीवर पडतो. सुमारे २०० लिटरच्या पिंपातून आठ-नऊ वर्षांनी पाव भाग किंवा त्याहून अधिक नाहीसा झालेला असतो, आणि पिंप पुन्हा बर्बनसाठी वापरता येत नाही. तेव्हा ९ वर्षांच्या बाटलीला दहा डॉलर जास्त पडले, तर ते मला तरी रास्त वाटतात.

प्रश्न : एकच बाटली मला ओहायोत एका भावाने मिळते आणि न्यू जर्सीतील मेव्हण्याला दुसऱ्याच. काही बाटल्यांवर तर छापील भावाच्या तिप्पट मागतात. खरी किंमत कोणती धरावी? (एक वाचक, कोलंबस, ओहायो)

उत्तर : १९३३ मध्ये दारूबंदी उठल्यावर अमेरिकेने उत्पादक, वितरक आणि दुकानदार अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था लावली आणि तपशील राज्यांवर सोडला. ओहायो, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत घाऊक व्यवहार सरकारच्या हातात आहे आणि तुमच्याकडे किरकोळ भावही सरकारच ठरवते. न्यू जर्सीत दुकानदार ठरवतो. म्हणून तुमच्याकडचा भाव हा तुलनेसाठी चांगला आधार आहे. मेव्हण्यांच्या दुकानात त्याहून पाच डॉलर अधिक असतील तर ती दुकानदारी. तिप्पट असतील तर तो दुर्मीळपणाचा बाजार, आणि त्याचा चवीशी संबंध सुटलेला असतो. वेलर या बर्बनचेच घ्या. पॅपी व्हॅन विंकल या अतिमहाग बाटलीशी तिचे गव्हाचे मिश्रण जुळते, अशी ख्याती पसरली आणि एके काळी कोपऱ्यात पडून असणारी साधी बाटली दिसेनाशी झाली. सरकारी भावात मिळाली तर अवश्य घ्यावी. तिप्पट भावात त्याच पैशांत तीन चांगल्या बाटल्या येतात, आणि डोळे बांधून चाखणाऱ्यांपैकी किती जण तिला पहिला क्रमांक देतील याची मला शंका आहे.

प्रश्न : बर्बनवरील आयात शुल्क कमी झाले असे वाचले होते, पण मुंबईतल्या दुकानात भाव फारसा उतरलेला दिसत नाही. येथे घ्यावी, की विमानतळावर? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने बर्बनवरील शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले, त्यात निम्मे सीमाशुल्क आणि निम्मा कृषी पायाभूत अधिभार. म्हणजे बंदरावर १०० रुपयांना पडणारा माल शुल्कासह पूर्वी २५० ला पडत असे, तो २०० ला पडू लागला. ही बचत त्या टप्प्यापुरती एक पंचमांश. त्यापुढे राज्याचे उत्पादन शुल्क, मूल्यवर्धित कर, आयातदार आणि दुकानदार यांचा नफा. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्याने हे सारे राज्याराज्यांत निराळे. त्यामुळे अमेरिकेत जी बाटली मधल्या फळीवरची आहे ती येथे वरच्या फळीवर जाऊन बसते, आणि तिथे तिची स्पर्धा १२ वर्षांच्या स्कॉचशी आणि आपल्याकडच्या सिंगल माल्टशी होते. त्या किमतीत ४० टक्क्यांची सर्वसाधारण बर्बन मी घेणार नाही. ४५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेची, 'स्ट्रेट' लिहिलेली असेल तरच विचार करावा. दुकानातून घेताना महाराष्ट्रात वयाची २५ वर्षे पूर्ण आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

परदेशातून येताना २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते आणि मधल्या किमतीच्या बर्बनसाठी तोच मार्ग परवडतो. मात्र तेथेही दोन गोष्टी पाहाव्यात. विमानतळावरील बाटली बहुधा १ लिटरची असते, त्यामुळे शहरातल्या ७५० मिलीच्या भावाशी थेट तुलना न करता दर १०० मिलीचा भाव काढावा. आणि तीव्रता वाचावी, कारण एकाच नावाची व्हिस्की बाजारागणिक बदलते. वुडफर्ड रिझर्व्ह अमेरिकेत ४५.२ टक्क्यांची असते, युरोपात ४३.२ टक्क्यांची. पूर्वी अमेरिकेत चाखून आवडलेली व्हिस्की परतीच्या वाटेवर युरोपातल्या विमानतळावर घेत असाल, तर हा आकडा पैसे देण्यापूर्वी पाहावा.